शिकागोचं लिंकन पार्क: जिथून सगळ्यांना हलवलं असं म्हणतात

सरोवरकाठ (धागालेखिका)

शिकागोचं लिंकन पार्क पाहून आलेले इथे बरेच असतील. प्राणिसंग्रहालयाला तिकीट नाही, शेजारी मिशिगन सरोवर, उन्हाळ्यातल्या रविवारी पाय ठेवायला जागा मिळत नाही. या पार्काचा दक्षिणेकडचा तुकडा, नॉर्थ अव्हेन्यूपासून विस्कॉन्सिन स्ट्रीटपर्यंतचा, एके काळी शहराची सरकारी दफनभूमी होती. सिटी सिमेट्री. पाट्यांवर याचा उल्लेख आहे, पण पाट्या वाचायला पार्कात कोण जातं!

१८३५ मध्ये गावाने दोन दफनभूम्या आखल्या होत्या, एक उत्तरेला शिकागो अव्हेन्यूच्या आसपास आणि एक दक्षिणेला तेविसाव्या रस्त्याकडे. दोन्ही लवकरच वस्तीच्या तोंडाशी आल्या. म्हणून १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला गावाबाहेर, सरोवराकाठच्या रेताड जमिनीवर नवी जागा धरली आणि १८४३ पासून तिथे पुरायला सुरुवात झाली. शेजारी दक्षिणेला कॅथलिकांची वेगळी जागा होती. ज्यूंनी १८४६ मध्ये आतच आपला तुकडा घेतला, शहरातली त्यांची ती पहिली दफनभूमी. आणि पॉटर्स फील्ड होतं, म्हणजे बेवारस, निर्धन आणि साथीत दगावलेल्यांसाठीची जागा.

आता आकडे बघा. १८४० च्या जनगणनेत शिकागोची लोकसंख्या ४,४७०. १८५० ला जवळपास ३० हजार. १८६० ला लाखाच्या पुढे. १८७० ला तीन लाखांच्या घरात. जे 'गावाबाहेर' होतं ते पंधरा-वीस वर्षांत गावाच्या कुशीत आलं. त्यात कॉलऱ्याच्या साथी. १८४९ ची मोठी होती, १८५४ ची तर त्याहून भयंकर, त्या एका वर्षात १,४०० च्या वर माणसं गेली. ही माणसं कुठे गेली असतील ते सांगायला नको.

जमीन रेताड, खाली थोडं खणलं की पाणी, आणि पलीकडे तेच सरोवर ज्याचं पाणी शहर पितं. डॉ. जॉन राउख नावाच्या डॉक्टरांनी १८५८ मध्ये शिकागो हिस्टॉरिकल सोसायटीपुढे निबंध वाचला, की भर वस्तीत दफन करणं लोकांच्या जिवावर बेतणारं आहे, ही जागा बंद करून इथे बाग करा. त्या काळी रोग दुर्गंधीतून, दूषित हवेतून पसरतो अशी समजूत होती, राउखही त्याच भाषेत बोलत होते. कारणमीमांसा आज टिकणार नाही, पण मागणी योग्यच होती. हेच राउख पुढे इलिनॉय राज्याच्या आरोग्य मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले.

लोकांचा विश्वास उडायला आणखी एक कारण होतं. १८५७ मध्ये दफनभूमीची देखरेख करणारा पालिकेचा माणूसच प्रेतं उकरून वैद्यकीय शिक्षणासाठी पुरवताना पकडला गेला. कुंपणच शेत खात होतं. ज्यांना परवडत होतं त्यांनी मग खाजगी दफनभूम्यांकडे मोर्चा वळवला. रोझहिल १८५९ ची, ग्रेसलँड १८६० ची, दक्षिणेला ओक वूड्स. पालिकेने आधी नव्या जागा विकणं थांबवलं, मग १८६६ च्या सुमारास दफनच बंद केलं. उत्तरेकडचा न वापरलेला भाग १८६४ मध्येच बागेसाठी राखला होता. त्याचं नाव लेक पार्क. एप्रिल १८६५ मध्ये लिंकनची हत्या झाली आणि जूनमध्ये नाव बदललं. म्हणजे काही काळ लिंकन पार्क आणि सिटी सिमेट्री एकमेकींना खेटून नांदत होत्या.

इथवर सगळं नेहमीचं. माझा मुद्दा पुढचा आहे.

'सगळे मृतदेह हलवले आणि बाग झाली' असं एका वाक्यात सांगतात, ते खरं नाही. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या पामेला बॅनॉस यांनी जुने नकाशे, पालिकेचे ठराव, त्या वेळची वर्तमानपत्रं उपसून हिशेब मांडला. अंदाजे ३५ हजार दफनं, आणि त्यांतले १२ हजारांपर्यंत अजून तिथेच असावेत. कोण राहिले याची यादी काढली तर फार बोलकं चित्र दिसतं. ज्यांचे नातेवाईक हयात, जागेची कागदपत्रं शाबूत आणि खिशात पैसे, ते गेले. खाली राहिले ते मुख्यतः पॉटर्स फील्डमधले.

आणि उघडपणे, जमिनीच्या वर, राहिला एकच. सगळ्यांत श्रीमंत!

आयरा काउच. ट्रेमाँट हाउस या शहरातल्या नामांकित हॉटेलचा मालक. १८५७ मध्ये क्युबात हवानाला वारला. पुढच्या वर्षी कुटुंबाने त्याच्यासाठी दगडी थडगं बांधलं, ७,००० डॉलर खर्चून. वास्तुकार जॉन व्हॅन ऑस्डेल, शिकागोचा पहिला व्यावसायिक वास्तुकार. आजही शिकागो हिस्टरी म्युझियमच्या मागे ते उभं आहे. करडा चुनखडीचा दगड, भोवती लोखंडी कठडा, दारावर मोठ्या अक्षरांत फक्त आडनाव. ते का हलवलं नाही याच्या बऱ्याच कथा आहेत. कुटुंब कोर्टात गेलं आणि जिंकलं ही त्यांतली लाडकी. मला खर्चाचं कारण जास्त पटतं. असले चिरे सुटे करून न्यायचे तर पालिकेला चांगलाच भुर्दंड पडला असता, आणि तो कुणालाच नको होता.

थोडक्यात, मधले सगळे गेले, दोन टोकं राहिली. कुणी तिकडे फिरकलं असेल तर लिहा.

---

आळशी मुंगळा

जबरी धागा. आम्ही त्या म्युझियमच्या मागे गाडी लावून डबा खाल्ला होता, त्या दगडी खोलीला पंपहाउस समजून. :(

एक शंका. पालिकेची स्वतःची जमीन, पालिकेचाच निर्णय. मग हलवायला एवढी वर्षं का लागली? खर्च कोणी केला?

---

सरोवरकाठ

@आळशी मुंगळा, गोम तिथेच आहे. जमीन सगळी पालिकेची नव्हतीच.

एक पट्टा मिलिमन नावाच्या माणसाच्या इस्टेटीतला होता. पालिकेने तो घेतला, त्यावर कबरींच्या जागा आखून लोकांना विकल्या, लोकांनी आपली माणसं पुरली. मग वारसांनी दावा लावला की विक्रीच बेकायदा आहे. १८६५ मध्ये न्यायालयाने वारसांच्या बाजूने कौल दिला. आता पालिकेने दुसऱ्याची जमीन तुकडे पाडून विकलेली, आणि त्या तुकड्यांत कुणाची आई, कुणाचं लेकरू. तिथल्या कबरी हलवणं भागच पडलं. ज्यांच्याकडे जागेचे कागद होते त्यांना नव्या खाजगी दफनभूम्यांत बदली जागा दिल्या.

बाकीच्या भागातही गुंता असाच. कबरीची जागा विकली की घेणाऱ्याला तिथे पुरण्याचा हक्क मिळतो, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या चालतो. नुसता ठराव करून तो काढून घेता येत नाही. एकेका मालकाला गाठा, तो मेला असेल तर वारस शोधा, वारस गाव सोडून गेला असेल तर वाट पाहा. पॉटर्स फील्डमध्ये हा प्रश्नच नव्हता, कारण तिथे कुणी मालक नव्हता. म्हणून तिथली माणसं हलवण्याची कुणाला घाईही नव्हती.

त्यात १८७१.

---

पाटीवरचा खडू

'त्यात १८७१' असं म्हणून सोडून दिलंत! :) ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो.

८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री शिकागोची मोठी आग लागली, १० तारखेपर्यंत जळत होती. सुमारे १७ हजार इमारती गेल्या, लाखभर लोक उघड्यावर आले, तीनशेच्या आसपास मेले. नदीच्या उत्तरेचा भाग तर जवळपास पुसलाच गेला, आग थेट फुलर्टन अव्हेन्यूपर्यंत पोचली. तिच्या पुढे पळणारे हजारो लोक सरोवराकडे धावले आणि या दफनभूमीत शिरले. काहींनी तर प्रेतं हलवल्यामुळे मोकळ्या पडलेल्या खड्ड्यांत आसरा घेतला.

धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या दोन गोष्टी. एक, गरिबांच्या कबरींवर लाकडी फळ्या असत, त्या जळाल्या. दगडी खुणा तडकल्या. दोन, कोर्टहाउस जळालं आणि जमिनींच्या नोंदींसकट सरकारी दप्तर गेलं. म्हणजे वर खूण नाही आणि दप्तरात नोंद नाही. त्यानंतर 'कोण कुठे' याचं उत्तर द्यायचं तरी कोणी?

मात्र एका गोष्टीबद्दल मला प्रामाणिक शंका आहे. नोंदीच जळाल्या तर १२ हजार हा आकडा कुठून आला? हा नेहमीचा 'म्हणे' आकडा तर नाही?

---

सरोवरकाठ

@पाटीवरचा खडू, आगीबद्दल सविस्तर लिहिल्याबद्दल आभार, माझं टंकनाचं काम वाचलं.

आकडा ही वजाबाकी आहे. सगळंच काही जळालं नाही. वर्तमानपत्रं, ठरावांच्या छापील प्रती, खाजगी दफनभूम्यांचे स्वतःचे हिशेब उरले. पुरलेले अंदाजे किती, दुसरीकडे पोचल्याच्या नोंदी किती, आणि मधली तफावत. म्हणून मी 'पर्यंत' आणि 'असावेत' म्हटलं. आकडा थोडा इकडेतिकडे झाला तरी दिशा बदलत नाही, कारण जमीन स्वतःच साक्ष देते. १९९८ मध्ये त्याच म्युझियमच्या पार्किंगसाठी खणताना ८१ जणांचे अवशेष निघाले. एका पार्किंगपुरत्या खोदकामात ८१.

त्यात एक फिस्क पेटी होती. हा प्रकार मला तोवर ठाऊक नव्हता. अमंड फिस्कने १८४८ मध्ये पेटंट घेतलेली ओतीव लोखंडाची शवपेटी. ठोकळ्यासारखी नाही, माणसाच्या आकाराची, खांद्याशी रुंद आणि पायाशी निमुळती, इजिप्तच्या ममीसारखी. चेहऱ्याच्या जागी काचेची खिडकी आणि तिच्यावर लोखंडी झाकण. हवाबंद, म्हणजे लांबच्या गावाहून प्रेत आणता यावं आणि साथीच्या दिवसांत चेहरा तेवढा काचेतून बघता यावा. साध्या लाकडी पेटीपेक्षा कितीतरी महाग. तेव्हा खाली राहिलेले झाडून सगळे गरीबच होते असं नाही, हे माझ्याच मुद्द्याला छेद देणारं उदाहरण आधीच मांडून ठेवते. पैसेवाल्याचे वारसही गाव सोडून गेले की कबर बेवारसच.

---

धुक्यातला

आमच्याकडेही हाच खेळ झालाय, आणि गंमत म्हणजे बागेचं नावही लिंकन पार्कच!

सॅन फ्रान्सिस्कोची सिटी सिमेट्री शहराच्या वायव्य टोकाला, समुद्राच्या वर होती. १८६८ मध्ये जागा घेतली, १९०९ मध्ये तिचा पार्क केला, आणि आज तिथे गोल्फचं मैदान आणि लीजन ऑफ ऑनर हे कलासंग्रहालय आहे. संग्रहालय १९२४ ला उघडलं. १९९० च्या दशकात त्याची डागडुजी करताना खाली शेकडो शवपेट्या निघाल्या. चिनी मजुरांसाठी राखलेला भाग होता. त्यातली कोंग चाऊ संघटनेची दगडी कमान अजून गोल्फच्या हिरवळीत उभी आहे, खेळणारे तिला वळसा घालून जातात.

पण आमच्या शहराने पुढे जाऊन कमालच केली. १९०० मध्ये शहराच्या हद्दीत दफनालाच बंदी घातली, आणि नंतर आधीच पुरलेल्यांनाही बाहेर काढलं. ते गेले दक्षिणेला कोल्माला. तिथे आज जिवंत माणसं दोन हजारांच्या आत आणि मेलेली पंधरा लाखांच्या आसपास. ज्या थडग्यांना वाली नव्हता त्यांचे दगड बांधकामाला वापरले. ब्युएना व्हिस्टा पार्कच्या गटारांना संगमरवराचे तुकडे लावलेत, काहींवर अजून अक्षरं वाचता येतात.

---

गवंडीकाका

वाचतोय. बांधकाम क्षेत्रात आयुष्य गेलं, म्हणून तांत्रिक बाजू सांगतो.

इलिनॉयमध्ये १९८९ मध्ये यासाठी वेगळा कायदा झाला, ह्यूमन स्केलेटल रिमेन्स प्रोटेक्शन ॲक्ट या नावाने. शंभर वर्षांहून जुन्या आणि नोंद नसलेल्या कबरींना तो लागू होतो. खणताना हाड दिसलं की कोरोनरला, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, लगेच कळवायचं. मुद्दाम ४८ तास गप्प बसलात तर गुन्हा. कोरोनर आधी हे पाहतो की अवशेष जुने आहेत की कालपरवाचा खून आहे. जुने निघाले की राज्याची पुरातत्त्व यंत्रणा येते. परवानगीशिवाय हात लावायचा नाही.

कंत्राटदाराच्या नजरेने पाहा. यंत्रं उभी, मजूर बसून, कर्जावर व्याज चढतंय. या कायद्याच्या आधीच्या शंभर वर्षांत त्या परिसरात किती पाये खणले गेले असतील आणि किती हाडं मातीबरोबर निमूट ट्रकमध्ये गेली असतील, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. सगळे वाईट होते असं म्हणणं नाही. पण खड्डा लवकर बुजवण्याचा मोह काय असतो ते मला माहीत आहे.

---

रानजाई

सरोवरकाठ ताई, कॅथलिकांच्या जागेचं काय झालं? आणि पॉटर्स फील्ड नेमकं कुठे, आज तिथे काय आहे?

रच्याकने, काका, प्रतिसाद नेहमीप्रमाणे भारी.

---

सरोवरकाठ

@रानजाई, कॅथलिक दफनभूमी नॉर्थ अव्हेन्यूच्या दक्षिणेला, शिलर स्ट्रीटपर्यंत. तिथली बरीचशी मंडळी उत्तरेला कॅल्व्हरी दफनभूमीत नेली. त्या जागेवर आता गोल्ड कोस्ट ही शहरातली अतिश्रीमंत वस्ती आहे. आर्चबिशपसाठी १८८५ मध्ये बांधलेलं निवासस्थान तिथेच आहे, १९७९ च्या दौऱ्यात पोप जॉन पॉल दुसरे तिथेच उतरले होते. चर्चने दफनभूमीच्या मोबदल्यात शहरातली सर्वांत महाग जमीन हाती ठेवली, व्यवहार म्हणून वाईट नाही. ;)

पॉटर्स फील्डवर आज बेसबॉलची मैदानं आहेत, लासाल ड्राइव्हच्या बाजूला.

त्याच परिसरात यादवी युद्धातले कैदीही पुरले होते. कॅम्प डग्लस हा दक्षिणेकडच्या सैनिकांसाठीचा तुरुंगतळ शिकागोतच होता. थंडी, देवी, हगवण यांनी तिथे हजारो मेले. त्यांतल्या सुमारे ४,००० जणांना सिटी सिमेट्रीत पुरलं आणि १८६७ मध्ये ओक वूड्सला एका मोठ्या सामूहिक कबरीत हलवलं. तिच्यावर १८९५ मध्ये स्मारक झालं, उद्घाटनाला राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड आले होते. शत्रूपक्षाच्या सैनिकांना नावांच्या ब्राँझ पट्ट्या मिळाल्या. कॉलऱ्यात मेलेल्या शिकागोकरांना काहीच नाही.

---

आळशी मुंगळा

कबरींवर बेसबॉल म्हणजे जरा जास्तच झालं. निदान तेवढा भाग तरी मोकळा ठेवायला हवा होता.

---

पाटीवरचा खडू

@मुंगळा, मला उलट वाटतं. मोकळा ठेवून काय केलं असतं? कुंपण घातलं असतं, गवत वाढलं असतं आणि वीस वर्षांनी कुणीतरी तिथे टॉवर उभा केला असता. खेळाचं मैदान आहे म्हणून तिथे खोल पाया कुणी खणत नाही. हाडांच्या दृष्टीने पाहिलं तर पार्किंगपेक्षा बेसबॉल बरा. माझी तक्रार मैदानाबद्दल नाही, ठळक पाटी नसण्याबद्दल आहे. न्यूयॉर्कचं वॉशिंग्टन स्क्वेअरही पॉटर्स फील्डच होतं, १७९७ ते १८२५. खाली २० हजारांच्या आसपास माणसं असावीत असं मानतात, आणि वर दिवसभर बुद्धिबळ आणि गिटार. कुणाचं काही बिघडलेलं नाही.

---

रानजाई

खडूंशी सहमत, पण 'कुणाचं काही बिघडलं नाही' हे आपण जिवंत माणसं ठरवतोय.

आम्ही पुढच्या महिन्यात शिकागोला जातोय. काउचचं थडगं बघणारच. अजून काय बघता येईल?

---

सरोवरकाठ

@रानजाई, म्युझियमकडून उत्तरेला क्लार्क स्ट्रीटच्या कडेने चालत गेलात तर एक मोठा धोंडा लागेल. डेव्हिड केनिसनची खूण. बोस्टन टी पार्टीत, म्हणजे १७७३ मध्ये ब्रिटिशांच्या कराविरुद्ध चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या त्या प्रकरणात, भाग घेतलेला शेवटचा जिवंत माणूस, अशी त्याची ख्याती. १८५२ मध्ये वारला तेव्हा वय ११५ सांगत असे! नंतरच्या अभ्यासकांनी वय आणि पराक्रम दोन्ही खोटे ठरवले. टी पार्टीच्या वेळी तो लहान मूल असावा. त्याच्या नावाने नंतर बसवलेला धोंडा मात्र अजून तिथेच आहे. १२ हजार खऱ्या माणसांना खूण नाही आणि या थापाड्याला आहे.

हाताशी अर्धा दिवस असेल तर ग्रेसलँडलाही जा. ती १८६० ची. तेव्हा तिथे १८६० च्या आधीची मृत्यूची तारीख असलेला दगड दिसला की समजायचं, हा माणूस दुसरीकडून आलाय. तारखा बघत हिंडलात तर असे बरेच सापडतील. त्यांतला जॉन किंझी चुकवू नका. हा फरचा व्यापारी, शिकागोच्या अगदी आरंभीच्या गोऱ्या वसाहतवाल्यांपैकी, १८२८ मध्ये वारला. आधी त्याला फोर्ट डिअरबॉर्नच्या लष्करी दफनभूमीत पुरलं, मग उत्तरेच्या जुन्या दफनभूमीत, मग सिटी सिमेट्रीत, आणि तिथून ग्रेसलँडला. शहर जसजसं पसरलं तसतसं त्याला पुढे सरकवलं.

दफनभूमीचं कार्यालय प्रवेशद्वारापाशीच आहे, तिथे नकाशा मागून घ्या. थंडीचा जाड कोट न्याच, सरोवराचा वारा तिकडे बोचतो.

---

गवंडीकाका

चार वेळा पुरला म्हणजे शिकागोत बांधकाम परवाने किती जोरात निघत होते ते कळलं.